तुम्ही विचारलंत म्हणून : ख्रिस्ती प्रशिक्षक आणि समलिंगी खेळाडू

मी ख्रिस्ती आहे, मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) शास्त्रपाठ वाचतो आणि तरुण फुटबॉलपटूंना प्रशिक्षण देतो, हे कळले की लोक हमखास एक प्रश्न विचारतात : तुमच्या संघातला एखादा खेळाडू समलिंगी निघाला, तर ख्रिस्ती म्हणून तुम्ही काय कराल? विचारणाऱ्यांपैकी काहींना मी त्याला संघाबाहेर काढीन अशी धास्ती असते, तर काहींना मी तसे करणार नाही याचीच चिंता असते. थोडक्यात सांगायचे तर त्याची संघातली जागा त्याच्या खेळावर ठरेल, आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याला कोणी घालूनपाडून बोलणार नाही याची जबाबदारी माझी असेल. परंतु एवढ्याने विषय संपत नाही, कारण ख्रिस्ती एका बाजूला आणि समलिंगी खेळाडू दुसऱ्या बाजूला असे या प्रश्नाने आधीच धरून चाललेले असते. प्रत्यक्षात हे दोघे एकच माणूस असू शकतात, आणि सर्वांत जास्त ओढाताण त्याचीच होते.

ब्रिटिश फुटबॉलपटू जस्टिन फाशानू हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९८० मध्ये नॉरिच सिटीकडून लिव्हरपूलविरुद्ध खेळताना त्याने चेंडू पायानेच वर उचलला, वळता वळता डाव्या पायाने जाळ्यात मारला, आणि बीबीसीने तो त्या हंगामातला सर्वोत्तम गोल ठरवला. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश फुटबॉलपटू होता. नॉटिंगहॅमच्या त्या काळात त्याने ख्रिस्तावरील विश्वास मनापासून स्वीकारला, आणि त्याच काळात तो समलिंगी असल्याची कुणकुण लागल्यावर व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांनी त्याला संघाबरोबर सराव करण्यास मनाई केली. १९९० मध्ये त्याने आपली ओळख जाहीर केली, तेव्हा स्वतः फुटबॉलपटू असलेल्या त्याच्या सख्ख्या भावानेही त्याच्याशी जाहीरपणे नाते तोडले. १९९८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपवले. त्या वेळी अमेरिकेत त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झालेला होता, त्यामुळे त्याच्या मृत्यूचे खापर एकाच गोष्टीवर फोडणे बरोबर नाही. तरीही मला एवढे दिसते की ज्या दोन ठिकाणी त्याला आधार मिळायला हवा होता, त्या संघाने आणि विश्वासी मंडळींनी त्याला आपला अर्धाच भाग घेऊन आत येऊ दिले.

बास्केटबॉलपटू जेसन कॉलिन्सने एप्रिल २०१३ मध्ये एका मासिकातील लेखातून आपण समलिंगी असल्याचे सांगितले. येशूची शिकवण, विशेषतः सहिष्णुता आणि समजूतदारपणा यांविषयीची शिकवण, आपण गांभीर्याने घेतो असेही त्याने त्याच लेखात लिहिले होते. तरीही त्यावर दूरचित्रवाणीवर बोलताना एका क्रीडा समालोचकाने असे जगणे हे देवाविरुद्ध उघड बंड असल्याचे सांगितले आणि अशा माणसाला आपण ख्रिस्ती म्हणणार नाही असा निर्वाळा दिला. त्या समालोचकाला स्वतःचे मत असण्याचा पूर्ण अधिकार होता. मला खटकते ते हे की दुसऱ्याच्या विश्वासाची तपासणी करण्याचे काम, जे पाळकसुद्धा शेजारी बसून, वेळ घेऊन आणि प्रार्थना करून करतात, ते कॅमेऱ्यासमोर काही मिनिटांत उरकले गेले.

शिकवणीबद्दल मला लपवाछपवी करायची नाही. लेवीय, रोमकरांस पत्र आणि करिंथकरांस पहिले पत्र यांतील जी वचने समलिंगी संबंधांचा निषेध म्हणून वाचली जातात, ती पवित्र शास्त्रात आहेत. त्यांचा अर्थ सर्व समलिंगी संबंधांना लागू होतो असे परंपरेने मानले आहे. ही दोन्ही पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या डोळ्यांपुढे त्या काळातील शोषणाचे संबंध होते असे म्हणणारे अभ्यासक आणि मंडळ्याही आज आहेत. कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ समलिंगी संबंध मान्य करत नाही, पण तोच ग्रंथ अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावे, त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभावाची खूणही दिसू नये, असे बजावतो. माझ्या मंडळीची शिकवण परंपरागत आहे. तिच्याविषयी माझ्या मनात जे प्रश्न आहेत ते मी मंडळीतच मांडतो. ते कधी सुटतील हे माझ्या हातात नाही. शनिवारचा सामना मात्र शनिवारीच होतो, आणि त्या दिवशी त्या मुलाशी कसे वागायचे हे मला शुक्रवारीच ठाऊक असावे लागते.

यापुढचा प्रश्न बहुधा समलिंगी समाजाला पाठिंबा दर्शवणाऱ्या इंद्रधनुषी जर्सीचा असतो, आणि तिथे मी वेगवेगळ्या घटना एकाच मापाने मोजायला तयार नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इस्राएल फोलाउ याने करिंथकरांस पहिल्या पत्रात पौलाने दिलेल्या, देवाच्या राज्याचे वारस न होणाऱ्यांच्या यादीच्या आधारे समलिंगी लोकांसह अनेकांना नरकाचा इशारा देणारा मजकूर समाजमाध्यमावर टाकला, रग्बी ऑस्ट्रेलियाने त्याचा करार रद्द केला आणि वर्षअखेरीस दोन्ही पक्षांत तडजोड झाली. ते प्रकरण बहुतेकांनी धर्मस्वातंत्र्य की शिस्तभंग अशा वादात अडकवले. मला त्या करारापेक्षा त्याच्या चाहत्यांत असलेला एखादा समलिंगी, देवभीरू मुलगा आठवत राहतो. आपल्या आवडत्या खेळाडूचा तो मजकूर त्याने वाचला असेल तेव्हा त्याच्या शेजारी कोण होते?

जुलै २०२२ मध्ये सिडनीतील मॅनली सी ईगल्स या रग्बी लीग संघाच्या सात खेळाडूंनी इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी घालण्यास धार्मिक आणि सांस्कृतिक कारणांनी नकार दिला, ते सामन्याला मुकले आणि संघ १०-२० असा हरला. क्लबने खेळाडूंना विश्वासात न घेता जर्सी ठरवली होती; प्रशिक्षक डेस हॅसलर यांनी त्याबद्दल खेळाडूंची माफी मागितली आणि समलिंगी समाजाचीही मागितली, हे मला योग्य वाटले. टीकाकारांनी असे दाखवून दिले की ज्या मैदानावर हे खेळाडू एरवी खेळत त्याला एका बिअर कंपनीचे नाव होते, आणि पौलाच्या त्याच यादीत मद्यपी आणि लोभीही आहेत. हा मुद्दा बिनतोड आहे. मात्र सदसद्विवेकाने एखादे चिन्ह अंगावर न घेणे ही गोष्ट खेळात नवी नाही. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने आपल्या श्रद्धेपोटी जर्सीवर बिअरचे बोधचिन्ह घेतले नाही आणि त्याच्या संघाने ते आनंदाने मान्य केले. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की बिअरची कंपनी ड्रेसिंग रूममध्ये बसून बूट बांधत नसते. समलिंगी सहकारी बसलेला असू शकतो. मॅनलीकडूनच पूर्वी खेळलेल्या इयन रॉबर्ट्सने १९९५ मध्ये आपण समलिंगी असल्याचे उघड सांगितले होते. तेव्हा त्या ड्रेसिंग रूमला हा विषय परका नव्हता.

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस क्रिस्टल पॅलेस या इंग्लिश फुटबॉल क्लबचा तेव्हाचा कर्णधार मार्क गेही याने इंद्रधनुषी दंडपट्टी बांधली आणि तिच्यावर आपले येशूवर प्रेम आहे असे लिहिले, पुढच्या सामन्यात येशूचे तुमच्यावर प्रेम आहे असे. गणवेशावर धार्मिक मजकूर चालत नाही याची इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याला आठवण करून दिली, कारवाई केली नाही. दोन्हीकडच्या लोकांना त्यात अपमान दिसला. मला मात्र त्याने पट्टी बांधली हेच महत्त्वाचे वाटले. आपला विश्वास सांगायला त्याला ती काढून ठेवावी लागली नाही.

माझ्या स्वतःच्या संघात सामन्याआधी ज्यांना वाटते ते खेळाडू खांद्यावर हात ठेवून गोल उभे राहतात आणि एकजण दोन वाक्यांत प्रार्थना करतो. एक चांगला मधल्या फळीतला खेळाडू, ख्रिस्ती घरातला, नेमका त्या वेळी शिनगार्ड पुन्हा बांधत बाजूला बसायचा. पुढे त्यानेच मला सांगितले की तो समलिंगी आहे, आणि गोलात उभे राहिले तर आपल्या खांद्यावर ठेवलेला हात सत्य कळल्यावर काढून घेतला जाईल असे त्याला वाटत असे. चुकलेल्या पासवर त्याचे सहकारी एकमेकांना कोणत्या शिव्या देतात हे तो रोज ऐकत होता. त्यांतल्या निम्म्या शिव्या त्याच्यासारख्यांच्या नावाने होत्या. त्याचे गुपित मी कोणाला सांगितले नाही. शिव्या मात्र त्या आठवड्यापासून बंद केल्या, कारण न सांगता, सर्वांसाठी. शास्त्र परंपरेने वाचणारा माझा साहाय्यकही त्यात मागे राहिला नाही, कारण निंदकांचाही पौलाच्या त्या यादीत समावेश आहे हे त्याला पाठ होते.

म्हणून इंद्रधनुषी जर्सी नाकारणाऱ्याला तुम्ही संघात घ्याल का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होय असे आहे, पण दोन अटींवर. आपला नकार त्याने आधी मला आणि संघात कोणी उघडपणे समलिंगी असेल तर त्यालाही समोर बसून सांगावा, वर्तमानपत्रांतून कळवू नये. आणि मैदानावर तो सहकारी मोकळा दिसला तर चेंडू त्यालाच द्यावा, त्याला कोणी पाडले तर सर्वांत आधी धावून जावे. ज्याला एवढे जमत नाही त्याला मी बाकावर बसवतो, मग त्याने कोणतीही जर्सी घातलेली असो.