आमची वाटचाल : मिलिमीटरपासून पिक्सेलपर्यंत

आमची सुरुवात डीटीपीपासून, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्यापासून. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, सगळी मापं मिलिमीटरात नाहीतर पॉइंटात, एका इंचात 72 पॉइंट, कागदावर पट्टी ठेवली की विषय संपला. मग जुनीच गिऱ्हाइकं विचारायला लागली की वेबसाइट पण करून द्याल का, आणि आम्ही त्यात उतरलो ते आजतागायत त्यातच आहोत.

स्क्रीनवर पट्टी चालत नाही. ब्राउझर 96 पिक्सेलचा इंच धरतो, म्हणजे 12 पॉइंटाचे तिथे 16 पिक्सेल, पण तो इंच तुमच्या मॉनिटरवर खरा इंच भरेलच असं नाही. त्यात लॅपटॉपला विंडोजचं स्केलिंग (स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवायची सेटिंग) 125 टक्के असलं की स्क्रीनशॉटवर मोजलेलं 20 पिक्सेलचं अंतर कोडमध्ये 16 च असतं. गिऱ्हाईक म्हणतं गॅप जास्त आहे, डिझायनर म्हणतो मी बरोबर दिलाय, आणि दोघंही खरं बोलत असतात! म्हणून आमच्याकडे आधी स्केलिंग आणि झूम बघायचा, मगच आकडा बोलायचा. मोजायला महागडं काही लागत नाही, विंडोजला मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या टूल्समधला स्क्रीन रूलर फुकट आहे, मॅकला कमांड शिफ्ट 4 दाबून ओढलं की माप कर्सरपाशीच दिसतं (रेटिना म्हणजे मॅकच्या बारीक पिक्सेलच्या स्क्रीनला सेव्ह झालेलं चित्र मात्र दुप्पट येतं).

आमचा खरा जीव मराठी अक्षरात आहे. तयार टेम्प्लेटं इंग्रजीच्या हिशोबाने केलेली, लाइन हाइट (एका ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) 1.2 वगैरे, त्यात मराठी हेडिंग टाकलं की वरच्या ओळीत ‘उत्कृष्ट’ आणि त्याच्या बरोबर खाली ‘सर्वांसाठी’ आलं तर कृ चं टोक खालच्या रेफाला जाऊन भिडतं. बॉक्सची, म्हणजे ब्राउझर मजकुराभोवती धरतो त्या चौकटीची, मापं बघाल तर सगळं ठीक. म्हणून आम्ही बॉक्स मोजत नाही, स्क्रीनशॉट 800 टक्के मोठा करून शाई मोजतो, म्हणजे ऋकाराच्या शेवटच्या काळ्या पिक्सेलपासून रेफाच्या पहिल्या पिक्सेलपर्यंत मध्ये किती मोकळे पिक्सेल उरले ते. कडेचे फिकट राखाडी पिक्सेलही आम्ही अक्षरातच धरतो. बहुतेक वेळा लाइन हाइट 1.5 च्या आसपास नेली की अक्षरं मोकळी होतात, पण फॉन्ट बदलला की परत मोजायचं. बटणावरची वेलांटी वरून छाटली जात नाही ना, हेही तसंच बघतो.

आता बाहेरच्या एजन्सीजही फक्त मराठी मजकूर तपासायला आमच्याकडे पानं पाठवतात. त्यांना आम्ही स्क्रीनशॉटवर लाल रेघा मारून, प्रत्येक रेघेवर माप टाकून परत देतो, आणि कोपऱ्यात स्केलिंग किती होतं ते लिहितो.