त्रिकोणी डोंगर

माझ्या चौथीच्या वर्गात "डोंगर काढा" म्हटलं की सगळ्या वह्यांत एकच डोंगर उगवतो. शेजारी शेजारी तीन त्रिकोण, दोघांच्या खाचेतून वर येणारा सूर्य, खाली वाकडी नदी आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. आमची शाळा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात, अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याशी. वर्गाच्या खिडकीतून डोंगरच डोंगर दिसतात आणि त्यातला एकही त्रिकोणी नाही. सगळे माथ्यावर सपाट, कोणी रंधा मारावा तसे. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून हे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर झाले, हे मी दरवर्षी शिकवते. मुलं खिडकीबाहेर बघतात, मान डोलवतात आणि वहीत पुन्हा त्रिकोण काढतात.

यंदा एक मुलगी उभी राहिली. "बाई, मग तिकोनी डोंगर नसतातच का?"

मी म्हटलं, असतो की. आपल्याच जिल्ह्यात आहे, इथून पन्नास किलोमीटरच्या आत. देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला.

"दाखवा ना."

दाखवायला माझ्याकडे एकही धड फोटो नव्हता. किल्ल्यात मी पाच-सहा वेळा गेले असेन, पण फोटो होते ते तोफेपाशी उभ्या असलेल्या नणंदेचे आणि वरच्या बारादरी महालात डबा खाणाऱ्या मुलांचे. डोंगर कुठेच नव्हता. म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कॅमेरा घेऊन निघाले. या वेळी किल्ला बघायचा नव्हता, डोंगराभोवती फिरायचं होतं.

वेरूळ मागे टाकून खुलताबादला आले तेव्हा चार वाजत आले होते. भाचा शहरातून मोटारसायकलवर तिथे आला होता. कागजीपुरा ओलांडून घाट उतरायला लागलं की एका वळणावर देवगिरी एकदम समोर येतो, आणि आपण त्याच्या बरोबरीच्या उंचीवर असतो. माझं मन खट्टू झालं. त्रिकोण नव्हताच. उपडी घातलेली पाटी असावी तसा एक बसका उंचवटा, त्याच्या अंगावर हिरवं रान, पलीकडे धूसर मैदान. सूर्य उजवीकडून लेन्सवर येत होता. वीस-पंचवीस फोटो काढले, सगळे दुधात बुडवल्यासारखे पांढुरके आले. भाचा म्हणाला, "आत्या, उद्या पहाटे शहराच्या बाजूने येऊ. ऊन आपल्या पाठीवर पाहिजे."

खाली दिल्ली दरवाज्यात नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. एका वेळी एकच मोठी गाडी जाईल एवढी ती कमान. तिच्यातून ट्रॅव्हल्सची बस अंग चोरून निघताना बघितली की माझा जीव त्या दगडांसाठी खालीवर होतो. रात्री भावाकडे मुक्काम केला.

रविवारी साडेपाचला निघालो. अब्दीमंडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि एका शेताच्या बांधावर उभे राहिलो. कपाशीवर दव होतं, चपला चिखलाने जड झाल्या होत्या. समोर अंधारात एक काळी आकृती होती. उजाडत गेलं तशी ती आकृती टोकदार झाली, तिच्या दोन्ही बाजू उतरत गेल्या, आणि मी भाच्याचा हात धरला. मुलं काढतात तोच डोंगर होता. तंतोतंत.

पहिलं ऊन शेंड्यावर पडलं. तिथली बारादरी, शाहजहानच्या १६३६ च्या दख्खनभेटीच्या वेळची म्हणतात ती, आधी उजळली. मग ऊन हळूहळू उतारावरून खाली सरकलं. पण पायथ्याकडे येताना ते एका जागी थबकल्यासारखं झालं, कारण तिथे उतार संपतो आणि उभा कडा सुरू होतो. चांदमिनारावर ऊन आलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की हा त्रिकोण पुरता त्रिकोण नाही. त्याचा खालचा भाग सुरीने कापल्यासारखा सरळ आहे. लाडू वळून खाली वाटीने दाबावा तसा.

फोटोचं म्हणाल तर इथे एक गोष्ट शिकले ती लिहून ठेवते, कोणाच्या उपयोगी पडेल. माझ्या साध्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सने, १८वर ठेवून (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं), डोंगर एवढासा होतो आणि अर्धा फोटो कपाशीनेच भरतो. आपल्या डोळ्यांना तो जेवढा मोठा वाटतो तेवढा फोटोत येत नाही, आणि लोक म्हणतात कॅमेरा चांगला नाही. भाच्याची ७०-३०० लावली, १५०च्या आसपास नेली, तेव्हा मागची रांग पुढे सरकली, मिनार डोंगराच्या अंगाशी आला आणि देवगिरी होता तेवढा झाला. म्हणून त्याच्यापासून लांब जा आणि लेन्सने जवळ या.

मग त्या कापलेल्या भागासाठी आत गेलो. कॅमेऱ्याचा स्टँड गाडीतच ठेवला, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत त्याला परवानगी लागते. भारतमातेच्या मंदिरापाशी, मेंढा तोफेपाशी गर्दी होती, तिथे थांबलो नाही. खंदकाच्या पुलावर मात्र तासभर बसले. हा कडा निसर्गाने केलेला नाही. माणसांनी डोंगराच्या कमरेपासून खाली साधारण ५० मीटर कातळ छिन्नी-हातोड्याने उभा तासून काढलाय. वेरूळच्या कैलासाला आपण हात जोडतो, तो वरून खाली कोरला म्हणून. हाही त्याच दगडात, तिथून दहा-बारा किलोमीटरवर, अख्ख्या डोंगराभोवती कोरलेला आहे, पण याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही, सगळे अंधारीकडे, किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेकडे, पळत असतात. यादव राजा पाचव्या भिल्लमाने ११८७च्या सुमारास इथे राजधानी केली, तेव्हापासून किती हात या कड्याला लागले असतील! आणि १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा हा कडा त्याला चढता आलाच नाही. सांगतात की धान्याची समजून वर नेलेली पोती मिठाची निघाली, आणि तेव्हाच्या यादव राजाला, रामदेवरायाला, तह करावा लागला. मुलांना ही गोष्ट सांगितली की वर्ग गप्प होतो.

पुलावरून वर कॅमेरा धरला तर कडा चौकटीत मावेना. शेवटी कड्याच्या बुडाशी चालणारी तीन शाळकरी पोरं फोटोत घेतली. ती मुंगीएवढी दिसतात तेव्हा कुठे उंचीचा अंदाज येतो.

वर गेलो, कारण जनार्दन स्वामींच्या समाधीला गेल्याशिवाय मला खाली यायला बरं वाटत नाही. ते या किल्ल्याचे किल्लेदार, आणि पैठणहून आलेले नाथ त्यांच्या पायाशी बसून शिकले. एका पैच्या चुकीसाठी रात्रभर हिशेब तपासणाऱ्या एकनाथांची गोष्ट इथलीच. वारा छान होता. पण माथ्यावरून डोंगर दिसत नाही, आपण त्याच्यावरच उभे असतो.

दुपारी दक्षिणेकडे, दौलताबाद स्टेशनवर. ही लाइन निजामाच्या काळात, १९०० साली सुरू झालेली. फलाटावरून देवगिरी तिरका दिसतो, एक बाजू लांब, एक बाजू तुटक. मनमाडकडे जाणारी गाडी येईपर्यंत पाऊण तास थांबलो आणि डबे, विजेच्या तारा अन् डोंगर असा एक फोटो मिळाला. तारांमुळे भाच्याला तो आवडला नाही. मला आवडला. माझी आई परभणीहून लग्न होऊन आली तेव्हा याच गाडीने आली होती, खिडकीतून तिने हाच डोंगर बघितला असणार.

तिथून माळीवाड्याला. समृद्धी महामार्गावरून जाताना देवगिरी फार सुंदर दिसतो, पण तिथे थांबता येत नाही, म्हणून खालचा जुना रस्ता धरला. सीताफळाच्या पाट्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांपाशी थांबलो. त्यांनी दोन फळं फोडून हातावर ठेवली आणि विचारलं, "कशाचे फोटू काढता, ताई?"

मी सांगितलं, पोरांना त्रिकोणी डोंगर दाखवायचाय.

ते वळून डोंगराकडे बघत म्हणाले, "तिकोनी कुठंय? आमच्याकडून बसल्याल्या हत्तीवानी दिसतो. त्ये बघा, हिकडं सोंड."

आणि खरंच सोंड होती. दुपारचं ऊन आता पश्चिमेकडून त्या अंगावर पडलेलं, उतरत आलेली तटबंदी म्हणजे सोंड, वरचा फुगवटा म्हणजे पाठ. लहानपणापासून या बाजूने डोंगर बघणाऱ्या माणसाला तो हत्तीच वाटणार. मी हत्तीचेही फोटो काढले, अन् बाबांचाही, पाटीसकट.

चार फोटो मोठे छापून घेतले. घाटातला पांढुरका, अब्दीमंडीचा, स्टेशनवरचा आणि माळीवाड्याचा. सोमवारी फळ्यावर लावले आणि म्हटलं, यातला देवगिरी कोणता? वर्गाने एका आवाजात अब्दीमंडीचा दाखवला. चारही तोच आहे म्हटल्यावर गोंधळ उडाला. मग फळ्यावर मधोमध गोल काढून डोंगर दाखवला, बाजूला अब्दीमंडी, स्टेशन, घाट, माळीवाडा लिहिलं, आणि कोणता फोटो कुठून काढला ते शोधायला सांगितलं. मधली सुट्टी झाली तरी कोणी उठलं नाही.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने वहीत चार डोंगर काढले. चौथ्याला सोंड, आणि कड्याखाली तीन ठिपके. खंदकाचा तो फोटो मी फळ्यावर लावलाच नव्हता, फक्त मोबाइलवर दाखवला होता.

"हे काय गं?" मी विचारलं.

"ती पोरं, बाई. कडा किती उंच ते कळाया."