तिथीची पाऊणपट

तीस वर्षं मी फळ्यावर महाराष्ट्राचा किनारा काढला. वर डहाणू, खाली रेडी, मधे खाड्यांची दातेरी रेघ आणि पुढे ठरलेलं वाक्य : लांबी ७२० किलोमीटर. आता नव्या मोजणीत तो ८७७ किलोमीटर भरलाय म्हणतात. म्हणजे ७२० लिहून गुण मिळवलेल्या माझ्या सगळ्या पोरांचा एकेक गुण परत घ्यायला हवा. यावल तालुक्यातल्या त्या वर्गात समुद्र पाहिलेली पोरं बोटांवर मोजण्याइतकी असायची. खरं सांगायचं तर मास्तरांनीही तो दोनदाच पाहिला होता, तोही मुंबईचा, तोही बस्ता बांधायला गेलो तेव्हा. किनाऱ्याचा आकडा माझ्या लक्षात राहायचा तो तापीमुळे. तापी ७२४ किलोमीटर. मुलताईला उगम, सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्र. जेवढी आमची नदी, जवळजवळ तेवढाच पुस्तकातला किनारा. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण वर्गात ते शेजारी शेजारी लिहिताना मला उगीच बरं वाटायचं.

निवृत्त झालो आणि एक जुनी ईको घेतली. सीटा काढायच्या तर आरटीओची परवानगी आणि पुढची सगळी भानगड, म्हणून सीटांवर बसेल अशी दोन तुकड्यांची फळी सुताराकडून करून घेतली. वर कापसाची गादी. पाण्याचा वीस लिटरचा जार, पाच किलोची गॅसटाकी, दोन पातेली, खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड. सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातल्या गाड्यांना शॉवर असतो, फ्रिज असतो. आमच्या गाडीला कॅराव्हॅन म्हणणं म्हणजे बैलगाडीला रथ म्हणणं. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव ‘सरांची खोली’ ठेवलं, ते जास्त खरं आहे.

निघायला आम्ही पितृपंधरवडा निवडला, तेव्हा गल्लीत जरा चर्चा झाली. "काय सर, पित्तरांत कोनी निघतं का भो?" नाही निघत, म्हणूनच निघायचं होतं. गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतलेले, दिवाळीची गर्दी अजून महिनाभर लांब, पाऊस जायच्या बेतात पण गेलेला नाही. बायकोनं एकच अट घातली. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तिथी षष्ठी. त्या दिवशी जिथे असू तिथे आगारी टाकायची, म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यावर पितरांच्या नावानं तूप आणि घास. तिनं दोन गोवऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फळीखाली सारल्या. त्यांच्याशेजारी कळण्याचं पीठ, ठेचा आणि दोन किलो शेव. आम्ही माळकरी, त्यात पितृपक्ष. समुद्राकाठी आमचं पोट कशावर भरणार हा प्रश्न तिनं घरीच सोडवून टाकला होता.

द्वितीयेला निघालो. धुळं, नाशिक, कसारा, पनवेल. रात्र माणगावच्या पुढे एका पेट्रोल पंपावर काढली. गाडीत राहून हिंडणाऱ्यांचे फोटो पाहिले की त्यात फक्त सूर्यास्त असतो. सकाळी पाच वाजता पंपावरच्या मुलाकडे किल्ली मागायला जाणारा, हातात बादली धरलेला निवृत्त मास्तर नसतो. एवढं सांगून पुढे जातो. पुढचा मुक्काम बायकोनं नकाशावर नावाकडे बघून ठरवला : केळशी. आमच्या यावल-फैजपूरकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, केळी म्हणजे केयी. "केयीचं गाव दिसतंय," ती म्हणाली. रावेर-यावलच्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या केळीबद्दल कायम थोडी शंका असते, ती पडताळायला आम्ही महाडहून मंडणगडचा घाट धरला.

केळशीला पोहोचलो चतुर्थीच्या सकाळी नवाच्या सुमाराला. केळीच्या बागा नव्हत्या. सुरूचं बन होतं, त्यापलीकडे मैदानासारखी वाळू आणि वाळूच्या टोकाला समुद्र, इतका लांब की आवाजही ऐकू येत नव्हता. माणूस एकही नाही. चहाच्या टपरीला ताडपत्री बांधलेली, घोडागाडीचं नुसतं धूड उलटं करून ठेवलेलं. मी गाडी बनातून पुढे काढून घट्ट वाळूच्या कडेला आणली आणि दार सरकवलं. स्टोव्ह मांडला. तेवढ्यात बनाच्या आत जाळं दुरुस्त करत बसलेला एक म्हातारा उठून आला. एमएच १९ कुठलं, हा पहिला प्रश्न. जळगाव, म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि बायकोकडे वळून विचारलं, "आज तिथी काय हो, ताई?"

पितृपक्षात हा प्रश्न आमच्याकडे रोज विचारला जातो. कोणाच्या घरी आज पान आहे, कोणाला जेवायला बोलावणं आहे, सगळं तिथीवर. ती पटकन म्हणाली, "चतुर्थी."

"चार पाऊण तीन," म्हातारा म्हणाला. "तीन वाजता पाणी इथं." आणि त्यानं काठी टेकवली ती आमच्या मागच्या चाकाच्याही मागे, सुरूच्या मुळाशी. "अजून उधाणाचं पाणी आहे. भांगाचं असतं तर राहा म्हटलं असतं."

भरती-ओहोटी मी तीस वर्षं शिकवली. पृथ्वी, चंद्र, सूर्य एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. आकृती मला झोपेत काढता येईल. पण आज, या वाळूवर, पाणी किती वाजता येईल, हे त्या आकृतीतून मला एकदाही काढता आलं नसतं. म्हाताऱ्याला तिथी पुरली. तिथीला पाऊणनं गुणायचं, येतील तेवढे वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. दशमीला साडेसात. गावागणिक थोडं पुढेमागे होतं, पण चुलीवर भात ठेवावा की नाही एवढं कळायला पुरेसं.

मी अर्थातच कागद काढला. महिन्याच्या तीस तिथ्यांत भरती चोवीस तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. रोज तीन मिनिटांची गळती. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास असतं. म्हणजे पंधरा दिवसांत चूक साठते तीही नेमकी पाऊण तासाची. मी हे म्हाताऱ्याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाडी हलवा आधी."

हलवली. आणि इथे माझ्यातला खानदेशी माणूस आडवा आला. मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा बघितलेला माणूस गाडी लावताना दुसरं काही बघत नाही, सावली बघतो. लिंबाखाली जागा मिळावी म्हणून आमच्याकडे लोक चार घरं पुढे जातात. आकाश भरून आलेलं, ऊन नावाला नाही, तरी माझे हात आपोआप स्टिअरिंग वळवून वाडीच्या कडेला सर्वांत दाट सावलीत गेले. झाडं उंच, सरळ, देखणी. मी खाली उतरून त्यांचं कौतुकही केलं.

दुपारी जेवून पडलो होतो. ढप्प! छपरावर कोणीतरी मोठा दगड टाकावा तसा आवाज, पाठोपाठ पातेल्यांचा खडखडाट. बायको ओरडली, "नारय पडला!" कुंपणापलीकडून वाडीची मालकीण धावत आली, तिला वाटलं कोणीतरी माणूसच पडला. नारय म्हणजे कोण, हे समजावण्यात दोन मिनिटं गेली. मग ती हसत सुटली. माडाखाली कोकणातलं कुत्रंसुद्धा निजत नाही, म्हणाली. छपराला ओंजळीएवढा पोचा आला होता. त्यात नंतर तीन दिवस पाऊस साचत होता आणि ब्रेक मारला की ते पाणी काचेवर ओघळायचं. नारळ तिनं आम्हालाच दिला. "सीझनला आला असतात तर विकत दिला असता," हे वर.

सीझन नसला की हे होतं. गर्दीच्या दिवसांत किनारा दुकान असतो. आता त्याचं घर झालेलं असतं, आणि घरात आलेल्याला प्रश्न विचारतात. तुमच्याकडे केळीचा घड किती किलोचा? पाणी कुठून देता? मुलं काय करतात? आम्हाला कोणी काही विकलं नाही, विकायला नव्हतंच. खाणावळीच्या दारातून बाई म्हणाली, बोर्डावरचं काही मिळणार नाही, घरात आमटीभात आहे तो खा. हर्णैला मात्र लगबग होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टपासून होड्या पुन्हा बाहेर पडलेल्या, आणि संध्याकाळी वाळूवर लिलावाचा असा गलका की मला सावद्याच्या बाजारातल्या केळीच्या बोलीची आठवण झाली. फक्त वास वेगळा. बायकोनं पदर नाकाला लावून पूर्ण लिलाव पाहिला.

पण तिला खरं दुःख झालं ते शेवेचं. आमच्याकडे पापड, बिबडे, शेवया उन्हाळ्यात करून डब्यात भरल्या की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तशाच वाजतात. इथे दुसऱ्याच दिवशी शेवेचा डबा उघडला तर ती बोटांत वाकली. मोडली नाही, वाकली. बिस्किटं सादळली, काडेपेटी पेटेना, मिठाच्या पुडीला पाझर फुटला. मेमध्ये आमच्या दोरीवर धोतर पाव तासात वाळतं, इथे टॉवेल तीन दिवस ओला होता आणि चौथ्या दिवशी त्याला स्वतःचा स्वभाव आला. हवेत पाणी असतं, ‘सापेक्ष आर्द्रता’ म्हणतात त्याला, हेही मी शिकवलं होतं म्हणे.

रात्री मात्र आम्हाला दोघांनाही झोप छान लागायची, आणि त्याचं कारण आम्हाला गुहागरला जाईपर्यंत कळलं नाही. लोक लाटांच्या आवाजाबद्दल काय काय लिहितात. बायकोचं माहेर भुसावळचं, यार्डाच्या अंगाचं. अंधारात ती म्हणाली, "मालगाडी चाललीये अन् डबे संपतच नाहीयेत." अगदी तोच आवाज.

षष्ठीला आम्ही दाभोळच्या जेटीवरून गाडीसकट बोटीत चढून वाशिष्ठीची खाडी ओलांडली आणि गुहागरला आलो. सहा पाऊण साडेचार. वेळ होती. सुरूच्या आडोशाला तीन दगड मांडून तिनं गोवरी पेटवली. चवथी काडी लागली. खीर, भात, वडे, आणि अण्णांना आवडायची म्हणून थोडी शेव. निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी झाली, पान दगडी कुंपणावर ठेवलं आणि आम्ही लांब जाऊन उभे राहिलो.

अण्णांनी समुद्र पाहिला नव्हता. केळीचं बाग सोडून आठ दिवस कुठे जाणारा माणूस नव्हता तो. "अण्णांनी पाहायला पाहिजे होतं," असं काहीतरी मी म्हणालो असेन. बायको म्हणाली, "ते आपल्या आधीच पोचले की. राख तापीतच सोडली होती ना आपण?" मी लगेच मनात नकाशा उघडला. शेळगावचा बंधारा, सारंगखेडा, प्रकाशा, मग उकाईचं प्रचंड जलाशय, काकरापार... गाळ तर उकाईतच बसतो. तोंडापर्यंत आलेलं हे सगळं मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा धडा मी मधेच बंद केला असेल.

कावळे आले, पण होड्या सुरू झालेल्या गावातले कावळे ते. खिरीकडे बघितलं न बघितलं करून माशांच्या टोपल्यांकडे गेले. अर्धा तास उभे होतो. मग एक आला, पानाभोवती दोनदा चालला, वडा सोडला, भात सोडला आणि शेव उचलली. सादळलेली, वाकलेली शेव. दात गेल्यावर अण्णा शेव पाण्यात भिजवूनच खायचे. याचा अर्थ काय लावायचा तो बायकोनं लावला. मी भूगोलाचा माणूस, मी काही बोललो नाही. साडेचारला पाणी चढून कुंपणापासून दहा पावलांवर आलं आणि मागे फिरलं.

परत येताना भुसावळहून यावलकडे वळलो तर तापीला दोन्ही थड्या भरून लाल पाणी. हतनूरचे ४१ पैकी बरेच दरवाजे उघडले असावेत. पुलावर मी गाडी जरा हळू केली, मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, पुढे निघालो.

छपराचा पोचा अजून काढलेला नाही. उरलेली शेव तिनं गच्चीवर उन्हात पसरली, दुपारी खाली आणली तर पुन्हा कुरकुरीत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तिथीपुढे तिनं पेन्सिलीनं पाऊणपट मांडून ठेवलीये. काल चहा गाळता गाळता तिनं तिकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"अष्टमी. सहा वाजले," ती म्हणाली. "म्हाताऱ्याचं पाणी भरलं असेल."