उमेचा वास आणि उघड्यावरचा चहा

क्योतोत फुलं बघायला सगळे एप्रिलमध्ये साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या फुलांसाठी गर्दी करतात, पण मला विचाराल तर २५ फेब्रुवारीला कितानो तेनमानगूच्या देवळात जा. अंगात जाड जॅकेट, कान गारठलेले आणि अशा थंडीत उमेची म्हणजे तिकडच्या प्लमची झाडं फुललेली, पांढरी, गुलाबी, लालभडक. साकुराला वास जवळपास नसतोच, उमेला असतो, मंद गोडसर, वारं सुटलं की एकदम नाकाशी येतो आणि मग कुठल्या झाडाचा ते शोधत फिरायचं.

हा बाइकासाइ, उमेच्या फुलांचा उत्सव. ज्यांचं हे देऊळ ते सुगावारा नो मिचिझाने, मोठे विद्वान, दरबारात वरच्या पदावर, पण विरोधकांनी सम्राटाचे कान भरले आणि ९०१ मध्ये त्यांना पार पश्चिमेकडच्या क्यूशू बेटावर दाझाइफूला धाडलं, दोन वर्षांत तिथेच वारले. घर सोडताना अंगणातल्या उमेला कवितेत सांगून गेले की पूर्वेचा वारा सुटला की तुझा वास माझ्याकडे पाठव, मालक नाही म्हणून वसंत विसरू नकोस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गलबलूनच आलं होतं.

आणि चहा! शेजारच्या कामिशिचिकेन वस्तीतल्या गेइको (क्योतोतल्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइको) ह्या दिवशी आवारात उघड्यावर चहा देतात. १५८७ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्यानं इथेच प्रचंड मोठं चहासंमेलन भरवलं होतं त्याची ही आठवण. त्याचं आमंत्रण मला फार आवडतं, शेतकरी असो नोकर असो कुणीही या, आपली किटली नि वाडगा आणा, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचं पीठ घोळवलंत तरी चालेल. दहा दिवस चालणार होतं ते, एका दिवसात आटोपलं.

लाल कापड घातलेल्या बाकावर बसले, आधी छोटीशी मिठाई आली, मग माइकोनं माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या चहाचा वाडगा समोर ठेवला. चेहरा मानेपर्यंत पांढरा रंगवलेला पण बोटांची पेरं थंडीनं लाल झालेली, तरी वाडगा ठेवताना जराही घाई नाही. चहा कडसर, दाट, वर बारीक फेस. संपल्यावरही वाडगा गरम होता म्हणून तसाच हातात धरून बसले. तेवढ्यात वारं आलं. पूर्वेचं होतं का ते काही कळलं नाही, वास मात्र आला.