ग्रीनव्हिलचं ओंडक्यांचं घर आणि ऐनजिनसी सारा

स्मोकी पर्वतातले दोन दिवस गर्दीतच गेले. अमेरिकेत पूर्व टेनेसीत जाणार असाल तर त्यापेक्षा जोन्सबरो ते ग्रीनव्हिल हा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता करा. ग्रीनव्हिलला ओंडक्यांचं एक लहानसं घर आहे: फ्रँकलिन राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीची प्रतिकृती. नॉर्थ कॅरोलायनातून फुटून १७८४ साली उभं राहिलेलं हे राज्य १७८८ पर्यंतच टिकलं. पण त्याचा १७८५ चा करकायदा वाचला, की आपल्याकडच्या ऐनजिनसी, म्हणजे रोख पैशाऐवजी मालाच्या रूपातल्या, वसुलीची आठवण होतेच.

रोख नाणं जवळजवळ नव्हतंच, म्हणून कायद्यानं मालाचे भाव बांधून दिले. बीव्हरचं स्वच्छ कातडं ६ शिलिंग, रकून किंवा कोल्ह्याचं सव्वा शिलिंग. खारवून मुरवलेलं डुकराचं मांस पौंडाला ६ पेन्स, मेण १ शिलिंग, राय व्हिस्की गॅलनला अडीच शिलिंग.

मला सगळ्यात आवडला तो पाणमांजराच्या कातड्याचा भाव. अखंड असेल तर ६ शिलिंग, चिरलेलं असेल तर ५. अखंड म्हणजे पोट न फाडता, मागच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत चीर देऊन, मोजा उलटा काढावा तसं डोक्याकडे ओढून काढलेलं. ते फळीवर ताणून वाळवतात. आतली चरबी नीट खरवडली नाही तर कातडं कुजतं आणि केस झडतात. ‘स्वच्छ’ हा शब्द कायद्यात उगाच आलेला नाही.

अशा वसुलीची खरी दुखरी नस म्हणजे बांधलेला भाव. बाजारात जे स्वस्त, तेच लोक सरकारात आणून टाकणार. त्यात कातडी यायची गठ्ठ्यानं, बाहेर फक्त शेपट्या दिसायच्या. ओपोसम या प्राण्याच्या कवडीमोल कातड्याला रकूनची शेपटी शिवून ती खपवल्याची गोष्ट या भागात अजून सांगतात. खरी असो वा नसो, वसुली करणाऱ्यानं गठ्ठा सोडून एकेक नग उलटून पाहायलाच हवा होता, कारण पगारही याच मालातून, याच भावानं देण्याची तरतूद होती. गव्हर्नर जॉन सेव्हियरचं वर्षाचं वेतन २०० पौंड (एका पौंडाचे २० शिलिंग), म्हणजे बीव्हरची सुमारे ६६६ कातडी. गठ्ठ्यात खोटं निघालं, तर तेवढा पगार बुडाला.