चाळीस नमुने आणि एक किनार

आज कारखान्यात चादरीच्या नव्या डिझाइनसाठी एआयला कामाला लावलं. दहा मिनिटांत चाळीस नमुने! मोर, वेली, कमळं. पण पंधराव्यानंतर सगळी एकाच आईची लेकरं वाटायला लागली. जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) आयुष्य काढलेले मामा चष्मा वर करून म्हणाले, "छान आहे रे, पण ह्यातलं आपलं कुठलं?"

काय सांगणार?

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर नुसताच बसलो. मोबाइल खिशात. (बॅटरी संपली होती, वैराग्य वगैरे काही नाही.) रिकामं बसलं तरी मेंदू रिकामा नसतो. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल यांनी 2001 मध्ये त्याला 'डिफॉल्ट मोड' म्हटलं. आठवणी, कल्पना तिथंच घोळतात; मेंदूतलं दुसरं जाळं त्यातलं टाकाऊ चाळून काढतं. काही सुचतं ते ह्या दोघांच्या जुगलबंदीतून.

2024 च्या एका प्रयोगात एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या गोष्टी वाचकांना जास्त आवडल्या, पण त्या एकमेकींसारख्याच निघाल्या. माझे चाळीस मोर!

पाण्यात दिव्यांची मोडकी रेघ हलत होती. तीच किनार. घरी येऊन शेंगाचटणीच्या कागदावर काढलीय. उद्या मामांना दाखवतो. मधला तेलाचा डाग डिझाइनमधला नाही, हे आधीच सांगावं लागेल.