रंग नंतर, आधी डोकं मोजा

आज हेल्मेटच्या दुकानात पुन्हा तेच: गिऱ्हाईक आधी ग्राफिक्स बघतं, माप शेवटी.

भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजा. नवीन हेल्मेटमध्ये गाल दाबले जायलाच हवेत, पॅड पुढे सैल होतात. डोकं हलवल्यावर हेल्मेट मागे राहत असेल तर साइज मोठी. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर मात्र साइज नाही, आकार चुकलाय. दुसरं मॉडेल बघा. आयएसआय शिक्क्यासोबत आयएस ४१५१ (दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक) हवंच. काळी काच दिसते झकास, रात्री खड्डा दिसत नाही!

रायडिंग जॅकेट जाळीचं चालेल, पण कोपर-खांद्याचे पॅड लेव्हल २ चे (लेव्हल १ पेक्षा धक्का जास्त शोषणारे) घ्या. हात वाकवल्यावर कोपराचा पॅड सरकला तर पडतानाही सरकणार. पाठीत बऱ्याचदा नुसता फोम असतो, तो काढून खरा प्रोटेक्टर बसवा.